वृद्धाश्रमाचे वीजबिल आणि कायदा

प्रश्न : आमच्या विश्वस्त संस्थेच्या वृद्धाश्रमावर वीज वाचविण्याची कायदेशीर सक्ती आहे काय?

उत्तर : बहुधा नाही. ऊर्जा संवर्धन अधिनियम, 2001 मध्ये 2022 साली दुरुस्ती होऊन निवासी इमारतीही त्या अधिनियमाखालील इमारतींच्या ऊर्जा संवर्धन संहितेच्या कक्षेत आल्या खऱ्या. परंतु किमान जोडभार 100 किलोवॅटचा ठरल्यामुळे, आणि राज्य सरकारने आपल्या अखत्यारात ती मर्यादा खाली आणली नसल्यास, पंचवीस-तीस वृद्धांचा आश्रम सहसा संहितेबाहेरच राहतो. माझ्या मते खरी वाट निराळीच आहे. ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या 2007 च्या अधिनियमातील कलम 19 अन्वये वृद्धाश्रमांच्या व्यवस्थापनाची योजना व मानके ठरविण्याची मुभा राज्यांना आहेच. त्या मानकांत, पहाटे चारपासून शेवटचे स्नान उरकेपर्यंत चालू राहणाऱ्या गिझरांऐवजी गच्चीवर सौर बंब, आणि 75 वॅटच्या जुन्या पंख्यांच्या जागी 30 वॅटच्या आसपास चालणारे बीएलडीसी पंखे, अशी अट घालून, अनुदान घेणाऱ्या खाजगी आश्रमांनाही ती लागू केली, तर अंमलबजावणी होण्याचा संभव आहे. अनुदानाविना अट दप्तरातच पडून राहील, हे सांगावयास नकोच! मात्र ऐन वैशाखात कूलर बंद करवून बचत दाखविण्यास त्याच नियमांनी मज्जाव करावा; वृद्ध शरीराला उष्मा सोसत नाही.