रात्री उपाशी, तरी सकाळी साखर

मधुमेह निघाला तेव्हा डॉक्टरांनी मेटफॉर्मिन सुरू केलं. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी, जेवणाबरोबर. पहिले काही दिवस पोट बिघडलं, मळमळलं. मग बसलं. चार महिन्यांत एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी, ८.४ वरून ६.८ वर आली. त्यातच शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘या गोळ्यांनी किडन्या जातात गं.’ मी कुणालाही न विचारता गोळी बंद केली आणि रात्रीचं जेवण सोडलं.

दोन महिन्यांनी उपाशीपोटीची साखर १९८!

रात्री पोटात काही नाही, मग साखर आली कुठून? डॉक्टरांनी तेव्हा जे सांगितलं, ते मी आता प्रत्येकाला सांगते. आपण झोपलो तरी यकृत रक्तात साखर सोडत राहतं. इन्सुलिन त्याला आवरतं. टाइप टू मधुमेहात यकृत इन्सुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून न जेवताही साखर वाढते. मेटफॉर्मिन मुख्यतः यकृताची ही साखर कमी करतं. स्वादुपिंडाला ते जास्त इन्सुलिन करायला लावत नाही, त्यामुळे एकट्या या गोळीनं साखर एकदम उतरण्याचा धोका फार कमी. माझी साखर गेली नव्हती, गोळीनं धरून ठेवली होती. मी गोळी पुन्हा सुरू केली.

किडनीचंही उलटंच आहे. ही गोळी किडनी बिघडवत नाही. पण किडनी आधीच कमजोर असेल तर औषध शरीरात साठतं, म्हणून क्रिएटिनिन तपासून डोस कमी करतात किंवा थांबवतात. जोराच्या उलट्या-जुलाब झाले, किंवा रंगद्रव्य टोचून सीटी स्कॅन करायचा असेल, तर ‘मी मेटफॉर्मिन घेते’ हे आधी सांगा. पोटाला सोसत नसेल तर सावकाश विरघळणारी एसआर गोळी मिळते. ती चावू नका, तोडू नका. तिचं रिकामं टरफल कधी शौचात दिसतं. औषध मात्र अंगी लागलेलं असतं.

गेल्या वर्षी तळपायांना मुंग्या येऊ लागल्या. घरचे म्हणाले, मधुमेहात असं व्हायचंच. या वेळी मी थांबले नाही, आठवड्याच्या आत डॉक्टरांकडे गेले. बी-ट्वेल्व्ह कमी निघालं. वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेतल्यानं ते घटू शकतं आणि मी शाकाहारी. आता इंजेक्शनं घेते आहे. गोळी चालूच आहे.