गिटारच्या पेडलसाठी डायोडची निवड

विकृती हा शब्द एरवी दोषवाचक आहे. ध्वनिवर्धक दुरुस्त करणाऱ्याकडे लोक ‘आवाज फाटतो’ अशी तक्रार घेऊन येतात आणि त्या कारागिराची सारी विद्या आवाज न फाटता मोठा करण्यात खर्ची पडते. विद्युत गिटारच्या बाबतीत मात्र उलटे घडले. १९६४ साली इंग्लंडमधील ‘किंक्स’ या वाद्यवृंदाच्या डेव्ह डेव्हिस या तरुणाने आपल्या लहानशा ध्वनिवर्धकाच्या कर्ण्याचा कागद पात्याने चिरला आणि त्या फाटक्या आवाजात एक गाणे ध्वनिमुद्रित केले. त्याआधी दोन वर्षे, १९६२ मध्ये, अमेरिकेत ‘मेस्ट्रो फझ-टोन’ नावाची पायाने चालू-बंद करण्याची पेटी बाजारात आली होती. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’ या गाण्यात ती वाजली आणि फाटका आवाज हा दोष न राहता एक स्वतंत्र वाद्यगुण मानला जाऊ लागला. त्या पहिल्या पेट्यांत आवाज फाडण्याचे काम ट्रान्झिस्टर करीत. १९७० च्या दशकात ते काम बहुतांशी डायोडांकडे आले आणि तेथून आपल्या विषयाला आरंभ होतो.

विद्यालयाच्या स्मरणिकेत हा विषय कशासाठी, असे काही पालकांना वाटेल. पूर्वी १४ एप्रिलच्या किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमात पेटी, ढोलकी आणि झांज असली की गायनपथक पूर्ण होत असे. आता मुलांच्या हाती गिटार आली आहे, विजेवर चालणारा बँजो आला आहे. मुंबई-कोकणातील बँजो पथकांनी तर फाटका आवाज केव्हाच आपलासा केला. तयार परदेशी पेडल घ्यायचे म्हटले तर काही हजार रुपये मोजावे लागतात. तेच घरी जुळविले तर डबा, बटणे आणि नियंत्रक धरूनही खर्च काही शेकड्यांत आटोपतो. आपल्या वसतिगृहात वाढलेल्या बहुतेक मुलांच्या घरी हा फरक लहान नसतो. पण जुळवणीला बसलेल्या मुलाला लगेच कोणीतरी सांगते की जुना जर्मेनियम डायोड मिळाल्याखेरीज खरा आवाज येणार नाही. तो दुर्मीळ आणि महाग असतो, आणि त्याच्या नावाने पुष्कळदा भलतेच काही विकले जाते. म्हणून हा लेख.

प्रथम डायोड काय करतो ते पाहू. बंधाऱ्याला ठरावीक उंचीवर सांडवा असतो. पाणी त्या उंचीपर्यंत आले तरी काही घडत नाही. त्यावर आलेले पाणी मात्र वाहून जाते आणि पातळी जवळपास तेथेच थांबते. गिटारच्या तारेखालील पिकअपमधून येणारा विद्युत तरंग असाच वर-खाली हेलकावत असतो. तो दहाव्या हिश्श्यापासून फार तर एक व्होल्टपर्यंतचा असतो. त्याला ऑप-अँप नावाच्या चकतीने कित्येक पट मोठे करायचे आणि मग त्याच्या वाटेत परस्परविरुद्ध तोंडांचे दोन डायोड जमिनीकडे जोडायचे. एक डायोड तरंगाच्या माथ्याला सांडवा ठरतो, दुसरा तळाला. माथा आणि तळ छाटले गेल्याने गोल तरंग चौकोनी होऊ लागतो आणि मूळ स्वराच्या तिप्पट, पाचपट, सातपट कंपनसंख्येचे उपस्वर त्यात उमटतात. कानाला जो करकरीत भरदारपणा जाणवतो तो या उपस्वरांचा.

सांडव्याची उंची डायोडच्या जातीवर ठरते. पेडलमध्ये वाहणाऱ्या अल्पशा प्रवाहाला, म्हणजे एक मिलिअँपिअरच्याही खाली, जर्मेनियम सुमारे ०.३ व्होल्टवर, साधा सिलिकॉन सुमारे ०.६ व्होल्टवर आणि तांबडा एलईडी सुमारे १.७ व्होल्टवर वाहू लागतो. निळ्या-पांढऱ्या एलईडीला तीन व्होल्टच्या आसपास लागतात. हा सांडवा एकदम कोरलेल्या काठाचा नसतो. प्रवाह दसपट व्हायला डायोडवरील व्होल्टेज साठ ते एकशेवीस मिलिव्होल्टने वाढावे लागते, त्यामुळे छाटलेल्या तरंगाचे कोपरे थोडे गोलसर राहतात. या गोलाईतही जातीजातीप्रमाणे भेद असतो.

आता जी गोष्ट बहुतेक चर्चांत सुटून जाते तिच्याकडे वळू. नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा ऑप-अँप मध्यापासून वर किंवा खाली जेमतेम साडेतीन व्होल्ट हेलकावा देऊ शकतो. त्यापुढे तो स्वतःच तरंग छाटतो. म्हणून जमिनीकडे जोडलेल्या डायोडांच्या बाबतीत छाटणी किती खोल होणार हे, साडेतीन व्होल्टमध्ये त्या डायोडचा उंबरठा किती वेळा बसतो, यावर ठरते. जर्मेनियमसाठी ही संख्या बाराच्या जवळ, सिलिकॉनसाठी सहाच्या, तांबड्या एलईडीसाठी जेमतेम दोन आणि पांढऱ्या एलईडीसाठी एकाच्या आसपास. पांढरा एलईडी बसवून ‘डायोडचा आवाज’ ऐकणारा माणूस बहुधा ऑप-अँपचाच आवाज ऐकत असतो! तांबडा एलईडी माथा थोडासाच छाटतो, म्हणून हलके वाजविले तर आवाज स्वच्छ आणि जोराने वाजविले तर फाटका, असा हाताला प्रतिसाद देणारा ठरतो. जर्मेनियम सारे काही एका पातळीवर दाबून टाकतो. ऐंशीच्या दशकाअखेरच्या मार्शलच्या ‘गव्हनर’ पेडलमध्ये एलईडी होते, एमएक्सआरच्या ‘डिस्टॉर्शन प्लस’मध्ये जर्मेनियम, बॉसच्या ‘डीएस-वन’मध्ये सिलिकॉन. तिन्ही नावाजलेली आहेत. उंबरठ्यांत मात्र सहापटीचे अंतर आहे.

डायोड बसविण्याची दुसरीही जागा आहे. तो जमिनीकडे न जोडता ऑप-अँपच्या परतीच्या मार्गात जोडला की तरंग उंबरठ्यावर पोहोचताच प्रवर्धन कमी होते. पण मूळ संकेत तसाच पुढे मिसळत राहतो आणि माथा पूर्ण सपाट कधीच होत नाही. आयबानेझच्या ‘ट्यूब स्क्रीमर’ची रचना अशी आहे. त्यात ४.७ किलोओहमच्या रेझिस्टरसमोर ५१ किलोओहम आणि ५०० किलोओहमचा नियंत्रक आहे, म्हणजे प्रवर्धन सुमारे बारापासून एकशे अठरापटीपर्यंत जाते. माझे स्पष्ट मत असे की पहिले पेडल जुळविणाऱ्या मुलाने याच रचनेपासून आरंभ करावा. डायोड कोणताही असो, आवाज कर्कश होण्याची भीती येथे कमी.

एका बाजूला दोन डायोड मालिकेत आणि दुसऱ्या बाजूला एकच जोडला तर माथा १.२ व्होल्टवर आणि तळ ०.६ व्होल्टवर छाटला जातो. अशा असमान छाटणीत दुप्पट, चौपट कंपनांचे सम उपस्वरही येतात. दुप्पट म्हणजे वरच्या सप्तकातील तोच स्वर, त्यामुळे आवाज अधिक भरीव वाटतो. १९८१ च्या बॉस ‘एसडी-वन’मध्ये हीच युक्ती आहे. तीन डायोडांचा हा बदल तीन-चार रुपयांत होतो.

जर्मेनियमच्या महात्म्याकडे येऊ. त्याची गोलाई खरी आहे, तिला नाकारण्याचे कारण नाही. जुन्या टोकस्पर्शी जर्मेनियम डायोडमध्ये, म्हणजे १एन३४ए किंवा आपल्याकडील जुन्या रेडिओंच्या डिटेक्टर टप्प्यात आढळणाऱ्या ओए७९ सारख्यांत, आतला रोध बराच असतो. त्यामुळे त्याचा सांडवा सावकाश उघडतो. पण हे कळले की उपायही सापडतो. बीएटी४६ सारख्या स्वस्त शॉट्की डायोडला मालिकेत शंभरेक ओहमपासून एक किलोओहमपर्यंतचा रेझिस्टर जोडून पाहावा. उंबरठा खालचा आणि कोपरा गोल, दोन्ही बऱ्यापैकी साधतात.

जर्मेनियम म्हणून शॉट्की विकला जातो, त्याची परीक्षाही सोपी आहे. नऊ व्होल्टची बॅटरी आधी १०० किलोओहम आणि मग १ किलोओहममधून डायोडला जोडून दोन्ही वेळा डायोडवरील व्होल्टेज मल्टिमीटरने मोजावे. टोकस्पर्शी जर्मेनियमचे व्होल्टेज दुसऱ्या मोजणीत अर्धा व्होल्ट ओलांडून कधी एक व्होल्टच्या जवळ जाते. शॉट्की मात्र तितका चढत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात खरेदीला जाताना या दोन रेझिस्टरांसह बॅटरी खिशात असलेली बरी.

उष्णतेचाही विचार व्हावा. डायोडचा उंबरठा दर अंशाला सुमारे दोन मिलिव्होल्टने खाली येतो. विदर्भात जानेवारीच्या पहाटे बारा अंश आणि मे महिन्यात पंचेचाळीस, म्हणजे तेहतीस अंशांत सहासष्ट मिलिव्होल्ट. सिलिकॉनच्या सहाशेत हा दहावा हिस्सा, जर्मेनियमच्या तीनशेत पाचवा. मांडवात भरदुपारी वाजवायचे असेल तर हे ध्यानात असावे. १एन४००७ हा वीजपुरवठ्यातील जाडजूड डायोडही अडीअडचणीला चालतो. १एन४१४८ पेक्षा त्याची धारिता जास्त, पण कमी रोधाच्या मार्गात तो भेद कानाला क्वचितच कळतो.

खरी कसोटी ऐकण्याचीच, आणि तेथेच फसगत होते. जमिनीकडे जोडलेल्या रचनेत जर्मेनियमऐवजी तांबडा एलईडी लावला की बाहेर येणारा संकेत पाच-सहापट, म्हणजे सुमारे पंधरा डेसिबलने मोठा होतो. मोठा आवाज माणसाच्या कानाला नेहमी अधिक स्पष्ट आणि अधिक भारदस्त वाटतो. म्हणजे आपण डायोडची तुलना करीत आहोत असे समजून केवळ आवाजाच्या मोठेपणाची तुलना करतो. म्हणून तीन जातींच्या तीन जोड्या फिरत्या स्विचवर बसवाव्यात. प्रत्येक जोडीसाठी ध्वनिपातळी नियंत्रकाने समान करून घ्यावी, मोबाईलमधील ध्वनिमापक त्याला पुरेसा आहे, आणि नियंत्रकाच्या जागेवर खूण करावी. मग वादकाने पाठ फिरवून एकच ओळ वाजवावी, स्विच दुसऱ्याने फिरवावा आणि कोणती जोडी लागली हे तिसऱ्याने कागदावर टिपावे. दहा-बारा वेळा असे केले की पसंती खरी की ऐकीव, ते कागदच सांगतो. केसपुत्तच्या कालामांना तथागतांनी जे सांगितले, की केवळ परंपरेने आले किंवा सांगणारा मोठा आहे एवढ्यावरून काही स्वीकारू नका, ते आपल्या विद्यालयातील प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. प्रयोगशाळेत त्याचे रूप हे असे असते.

या कसोटीत कोणाला जर्मेनियमच आवडला तर त्याने तो जरूर घ्यावा, आता त्याला आपण काय विकत घेतो हे कळलेले असेल. माझ्या अनुभवात मात्र पातळी समान केल्यावर पुष्कळांची बोटे रुपया-दोन रुपयांच्या १एन४१४८ कडे वळतात, विशेषतः दोन-एक अशा असमान जोडणीत. भीमगीतांच्या साथीला, जेथे गिटारने शब्दांवर कुरघोडी करायची नसते, तेथे तांबडा एलईडीही शोभतो. गायक थांबला की जोराने वाजवावे, तो गाऊ लागला की हात हलका करावा.

जोडणीविषयी थोडे. डायोडवरील पट्टी ऋण टोक दाखविते. एलईडीत ते आखूड पायाचे असते. जोडीतील दोन्ही डायोड एकाच तोंडाचे बसले तर अर्धाच तरंग छाटला जातो, म्हणून झाळण्यापूर्वी मल्टिमीटरने दोन्ही दिशांनी तपासावे. जर्मेनियम झाळताना त्याच्या पायाला काच आणि झाळणीच्या मध्ये चिमटा लावावा, कारण त्याला उष्णता सोसत नाही. पहिली चाचणी ॲडॉप्टरवर न करता बॅटरीवर करावी, नाहीतर मेन्सची गुणगुण पेडलच्या नावावर खपते. आणि डायोड थेट पट्टीवर न झाळता आयसीच्या सॉकेटाचे तुकडे कापून त्यांत बसवावेत, म्हणजे पुढील तुकडीतील मुलांना तोच डबा उघडून आपल्या कानाला पटतील ते डायोड लावता येतील.