उजवा सोवळ्यात, डावा ओवळ्यात

पोरी, उद्यापासून तू बोईसरला ड्यूटीवर. फीमेल वॉर्डात आठवड्याभरात कोणीतरी म्हणेलच, "सिस्टर, पाच नंबरला कॅथेटर टाका." पुस्तकातलं तुला पाठ आहे. मी हाताचं सांगते.

आधी पडदा ओढ, नातेवाइकांना बाहेर काढ. आपल्या शिरगावची बाई बाजारात कोणाला ऐकायची नाही, पण इथे गुडघे उघडायचे म्हटलं की लाकूड होते. काय करणार ते तिला सांग. रबराची ॲलर्जी आहे का, तेही विचार. बारा किंवा चौदा नंबरची नळी पुरते. उजेड मात्र भरपूर हवा. टॉर्च धरायला दुसरं माणूस घे.

आता खरी गोष्ट. डाव्या हाताने मायांगाचे ओठ उघडलेस, की नळी आत पोचेपर्यंत तो हात हलवायचा नाही. निसटला की ओठ मिटले, पुसलेलं सगळं वाया, पुन्हा पहिल्यापासून. तो हात ओवळ्यातला, त्याने नळीला शिवायचं नाही; उजवा सोवळ्यातला. माझी सासू देवघरात पाळायची त्याहून कडक सोवळं हे. पुसायचं वरून खाली, एका बोळ्याने एकदाच. बाईची लघवीची वाट जेमतेम ४ सेंटीमीटर, जंतूंना चढायला कितीसा वेळ?

छिद्र दिसेना तर तिला हलकं खोकायला सांग, डोळा मिचकावल्यासारखं ते हलतं. पाळी जाऊन वर्षं झालेल्या आज्यांमध्ये ते योनीच्या वरच्या भिंतीकडे सरकलेलं असतं. नळी सरकन गेली आणि लघवीचा थेंब नाही, म्हणजे बहुतेक योनीत गेली. घाबरून उपसू नकोस. राहू दे तिथेच, तीच खूण. नवी नळी घे आणि तिच्या वरच्या बाजूला शोध. पहिली मग काढ. तीच नळी पुसून पुन्हा घालणारे महाभागही मी पाहिलेत!

फोली नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९३०च्या दशकात फुग्याची नळी आणली. त्याच फुग्याने मला रडवलं. नवी होते, एका दवाखान्यात लघवीची धार दिसली आणि मी आनंदाने लगेच फुगवला. बाई किंचाळली. फुगा वाटेतच होता, नळीत रक्त उतरलं. तेव्हापासून लघवी दिसली तरी आणखी ३ ते ५ सेंटीमीटर आत सारते, मगच फुग्यात नळीवर लिहिलंय तेवढं, बहुधा १० मिली, डिस्टिल्ड वॉटर. भरताना बाईच्या तोंडाकडे बघ. कपाळाला आठी पडली तर थांब, पाणी परत ओढून घे.

खुबा मोडलेल्या आजीला पाय फाकवता येत नाहीत. तिला डॉक्टरांना विचारून कुशीवर घे, वरचा गुडघा जरा वाकव, मागून काम कर. गावात मी असं खाटेवर केलंय, बाहेर पाऊस, वीज गेलेली, सून मोबाइल धरून उभी. लघवीची पिशवी खाटेला बांधायची कमरेखाली, पण जमिनीला टेकवायची नाही. खाट बुटकी, म्हणून तिच्या पायांखाली विटा सारल्या.

तारीख, नंबर, फुग्यात किती मिली, सगळं लिही. आणि राऊंडला रोज सकाळी डॉक्टरांना विचार, "आज काढू का?" वैतागले तरी विचार.