आवाजाचा माग : निरीक्षणाचा एक पाठ



मी तुम्हांला मराठी आणि इतिहास शिकवते. यंत्रशास्त्राचे माझे ज्ञान शिवणयंत्रात दोरा ओवण्यापलीकडे जात नाही. तरीही या अंकासाठी मी मोटारीतील एका आवाजाविषयी लिहीत आहे, याचे तुम्हांला नवल वाटेल. परंतु त्या आवाजाच्या निमित्ताने जी विचारपद्धती मला शिकता आली, ती इतिहासाच्या वर्गात जितकी उपयोगी आहे, तितकीच प्रयोगशाळेत आणि घरातही उपयोगी आहे. म्हणून हा पाठ.

आमच्या घरी चार महिन्यांपूर्वी एक लहानशी मोटार आली. नव्या वस्तूचे कौतुक सर्वांनाच असते. ती पुसणे, तिच्यावर आच्छादन घालणे, सणाला तिला हार घालणे, सारे यथासांग चालू होते. अशा त्या नव्या मोटारीतून एके दिवशी आवाज येऊ लागला. ‘खट्... खट्... खट्...’ आवाज लहानसा, पण नियमित. मोटार हळू चालली की तो स्पष्ट ऐकू येई. वेग वाढला की वाऱ्याच्या आणि रस्त्याच्या आवाजात बुडून जाई.

शेजाऱ्यांनी सांगितले, “नवी गाडी आहे, सांधे बसायला वेळ लागतो.” एका परिचितांनी रेडिओ मोठा लावण्याचा उपाय सुचवला. मीही मनात म्हटले, गाडी नवी आहे, तिला काय होणार? येथेच माझी पहिली चूक झाली. ‘नवी आहे’ हे वाक्य वस्तूचे वय सांगते, तिची प्रकृती सांगत नाही.

पुढच्या आठवड्यात आईला डोळ्यांच्या तपासणीसाठी इंदूरला न्यावयाचे होते. उज्जैनहून इंदूर सुमारे ५५ किलोमीटर. रस्ता वेगवान वाहतुकीचा. आमच्या घरी कोंकणी बोलतात. आई मागच्या आसनावर बसून बराच वेळ तो आवाज ऐकत होती. मी तिला सांगू लागले की काळजीचे कारण नाही. ती म्हणाली, “आयक गो, पयलीं आयक.” म्हणजे, अगं ऐक, आधी ऐक. तिची दृष्टी मंदावली आहे, पण कान तीक्ष्ण आहेत. तिच्या त्या शब्दाने मी प्रथमच खरोखर ऐकू लागले.

पहिली पायरी : नोंद

माझा भाचा नववीत शिकतो. त्याच्या वहीत आम्ही चार प्रश्न लिहिले. आवाज केव्हापासून येतो? केव्हा येतो? केव्हा येत नाही? आणि काय बदलले असता तो बदलतो?

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नांची उत्तरे लवकर मिळाली. मोटार उभी असून इंजिन चालू असले, तर आवाज येत नसे. मोटार चालू लागली की येई. वेग वाढवला की ठोके जवळजवळ पडत. चाक डावीकडे वळवा की उजवीकडे, फरक पडत नसे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र आम्ही ‘काही दिवसांपासून’ असे मोघम लिहून पुढे गेलो. ही दुसरी चूक. तिची किंमत पुढे कळली.

त्यानंतर हलू शकेल अशी प्रत्येक वस्तू आम्ही बाहेर काढली. पाण्याच्या बाटल्या, छत्री, डिकीतला जॅक आणि पाना, स्टेपनीसुद्धा. आवाज तसाच.

आवाजाचे ठिकाण कानांना का कळत नाही?

आवाज कोठून येतो याविषयी घरात एकमत होईना. मला तो पायांखालून वाटे, भाच्याला दरवाजातून, आईला पुढून. यात कोणाचाही दोष नव्हता. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. डावीकडून आलेला ध्वनी उजव्या कानाला किंचित उशिरा पोहोचतो. हे अंतर फार तर सेकंदाच्या दीडहजाराव्या भागाएवढे असते. एवढ्या सूक्ष्म अंतरावरून, आणि दोन कानांना ऐकू येणाऱ्या तीव्रतेच्या फरकावरून, मेंदू दिशा ठरवतो. मोटारीत हा हिशेब बिघडतो. पोलादातून ध्वनी सेकंदाला सुमारे ५००० मीटर वेगाने धावतो. एका टोकाचा ठोका क्षणार्धात साऱ्या सांगाड्यात पसरतो आणि कोठल्याही पत्र्यातून बाहेर पडतो. शिवाय बंद काचांवरून तो परावर्तित होतो. म्हणून कान ‘आवाज आहे’ एवढे खात्रीने सांगतात; ‘कोठे आहे’ हे सांगताना फसतात. अशा वेळी मोजमापाचा आधार घ्यावा लागतो.

दुसरी पायरी : मोजणी

आमच्या शाळेच्या विज्ञानाच्या सरांना मी ही हकीकत सांगितली. ते म्हणाले, “बाई, ठोके मोजलेत का?” मी नाही म्हणताच ते हसले आणि त्यांनी एक सोपी युक्ती सांगितली.

रविवारी सकाळी मैदान रिकामे होते. धावण्याच्या शर्यतीची १०० मीटरची चुन्याची रेघ तयारच होती. प्रथम टायरवर खडूने खूण केली, मोटार हळूच पुढे नेऊन चाकाचा एक फेरा पूर्ण केला आणि जमिनीवरचे अंतर फितीने मोजले. ते १ मीटर ९४ सेंटिमीटर भरले. म्हणजे १०० मीटरांत चाकाचे ५१ ते ५२ फेरे व्हावयाचे. मग मी माणसाच्या चालीने मोटार चालवली आणि भाच्याने मागे बसून ठोके मोजले. पहिल्या खेपेस ५१, दुसऱ्या खेपेस ५२.

या आकड्याचा अर्थ पाहा. १०० मीटर जाण्यास आम्हांला सव्वा मिनिटाच्या आसपास वेळ लागला. तेवढ्या वेळात इंजिनाचे फेरे हजाराच्या घरात होतात. आवाज इंजिनाचा असता, तर ५१ हा आकडा आलाच नसता. खात्रीसाठी आम्ही इंजिन बंद करून, सपाट मैदानावर मोटार ढकलली. तरीही ठोके आले. तेव्हा आवाज चाकाचा, किंवा चाकाबरोबर फिरणाऱ्या एखाद्या भागाचा, हे सिद्ध झाले. शेकडो भागांच्या यंत्रातून संशयितांची संख्या मूठभर उरली. एका साध्या मोजणीने केवढे काम केले!

तिसरी पायरी : सापडलेले कारण, आणि खरे कारण

मग चारही टायर तपासले. डाव्या बाजूच्या मागील टायरच्या खाचेत एक टोकदार खडा रुतलेला दिसला. प्रत्येक फेऱ्याला तो जमिनीवर आपटत असणार! आनंदाने आम्ही तो उपटून काढला. भाच्याने तर तो स्मरणार्थ खिशात टाकला. मी किल्ली घेऊन घरी निघाले.

सर म्हणाले, “थांबा. पुन्हा मोजू या.”

मला ते अनावश्यक वाटले. ऊनही चढू लागले होते. तरी आम्ही पुन्हा १०० मीटर गेलो. भाचा मोजत होता आणि त्याचा चेहरा उतरत होता. ठोके ५१.

खडा खरोखर होता, तो आवाजही करीत असेल. परंतु ज्या आवाजाच्या शोधात आम्ही होतो, त्याचे कारण तो नव्हता. कारण सापडले आणि *ते* कारण सापडले, या दोन गोष्टींतला भेद त्या क्षणी मला कळला.

आता सर सुरक्षित अंतर ठेवून एकेका चाकाच्या बाजूने चालले. पुढील डाव्या चाकाशी ठोका सर्वांत स्पष्ट होता. मोटार उभी करून, हँडब्रेक लावून, त्या चाकावरची टोपी काढली. चारांपैकी दोन नट बोटांनी फिरत होते.

आम्ही सारे गप्प झालो. तेव्हा आईला आठवले, “त्या दिवशी पंक्चर झाले होते, ते हेच चाक ना?” वहीतला पहिला प्रश्न, आवाज केव्हापासून? उत्तर असे होते की, बारा दिवसांपूर्वी रस्त्यात पंक्चर काढून चाक पुन्हा बसवले, त्यानंतर आवाज सुरू झाला. हे उत्तर आम्ही नीट लिहिले असते, तर पहिल्याच दिवशी त्या चाकापाशी पोहोचलो असतो. आणि खडा काढून समाधान मानले असते, तर त्याच सैल चाकावर आईला घेऊन इंदूरच्या रस्त्याला लागलो असतो. तो विचार आजही अंगावर काटा आणतो.

नट समोरासमोरच्या क्रमाने, एकदा एक व मग त्याच्या समोरचा, असे आवळले. नंतर मोटार अगदी हळू कर्मशाळेत नेली. तेथे चाकाची भोके व आटे तपासून, ठराविक जोर दाखवणाऱ्या पान्याने नट पक्के केले. चाक बदलल्यावर साधारण ५० ते १०० किलोमीटरांनंतर नट पुन्हा तपासावेत, हा नियमही तेथेच समजला. परत येऊन मैदानावर पुन्हा मोजले. ठोके शून्य. त्यानंतरच आम्ही इंदूरला गेलो.

इतिहासातील साक्षी

ऐकण्याचे हे शास्त्र जुने आहे. ऑस्ट्रियातील वैद्य आउएनब्रुगर हा खाणावळवाल्याचा मुलगा होता. पिंपावर बोटांनी ठोकून आत किती द्रव आहे हे ओळखण्याची रीत त्याला ठाऊक होती. तीच त्याने रोग्याच्या छातीला लावली आणि १७६१ मध्ये ती प्रसिद्ध केली. १८१६ मध्ये पॅरिसच्या लेनेक या वैद्याने कागदाची गुंडाळी कानाशी धरून हृदयाचे ठोके ऐकले. त्यातून स्टेथास्कोप जन्मास आला. रेल्वेच्या मोठ्या स्थानकांवर पूर्वी कर्मचारी हातोडीने चाके ठोकीत चालत. अखंड चाक खणखणीत वाजे, तडा गेलेले बद्द वाजे.

आमच्या खड्याची आठवण करून देणारी गोष्ट मात्र अमेरिकेत १९६४ मध्ये घडली. बेल टेलिफोन प्रयोगशाळेतील पेन्झियास आणि विल्सन हे दोन शास्त्रज्ञ न्यू जर्सीतील होल्मडेल येथे कर्ण्याच्या आकाराची एक मोठी अँटेना वापरीत होते. तिच्यात एक मंद, अखंड गोंगाट येई. अँटेना कोठेही वळवा, दिवस असो वा रात्र, गोंगाट तेवढाच. आत कबुतरांनी घरटे केलेले आढळले. कबुतरे हलवली, त्यांची घाण साफ केली. अनेकांनी येथे शोध थांबवला असता. त्यांनी पुन्हा मोजले. गोंगाट जवळजवळ तसाच होता. तो विश्वाच्या आरंभकाळापासून सर्वत्र भरून राहिलेल्या प्रारणाचा होता. १९६५ मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि १९७८ मध्ये त्या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. कबुतरांवर दोष ढकलून ते स्वस्थ बसले असते, तर ही कीर्ती दुसऱ्या कोणाच्या वाट्याला गेली असती.

आपल्या उज्जैनीत क्षिप्रेच्या काठी सवाई जयसिंहांची वेधशाळा उभी आहे. अठराव्या शतकात त्यांनी दिल्ली, जयपूर, उज्जैन, काशी आणि मथुरा अशा पाच ठिकाणी वेधशाळा बांधल्या. एका ठिकाणचा वेध दुसऱ्या ठिकाणी पडताळून पाहता यावा, हे त्यामागचे एक तत्त्व होते. एकदा पाहिले म्हणजे पुरे झाले, असे त्या दगडी यंत्रांनीही मानले नाही.

करून पाहा

तुमच्या सायकलीतून नियमित आवाज येत असेल, तर हाच प्रयोग मोकळ्या मैदानात करा. चाकाचा एक फेरा जमिनीवर मोजा. तो २ मीटर १० सेंटिमीटर आहे आणि पुढच्या चक्राला ४४, मागच्याला १८ दाते आहेत, असे समजा. १०० मीटरांत चाकाचे फेरे सुमारे ४८ होतील आणि पायडलचे १९ ते २०. ठोके ४८ आले तर दोष चाकात शोधा. २० आले तर पायडलाच्या बाजूला. दोष सापडला, दुरुस्त केला, की पुन्हा १०० मीटर जा आणि पुन्हा मोजा.

भाच्याच्या टेबलावर तो खडा अजून ठेवलेला आहे. त्याखाली त्याने कागदाची चिठ्ठी चिकटवली आहे : ‘हा नव्हे.’ परीक्षेची उत्तरपत्रिका देण्यापूर्वी पहिलेच उत्तर बरोबर आहे असे वाटू लागले, की तुम्हीही त्या खड्याची आठवण ठेवा आणि एकवार पुन्हा ताळा करून पाहा.