चिमूटभर मीठ

(शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी व घरगुती उपासनेसाठी)

शास्त्रवाचन : २ राजे २:१९-२२, २ राजे ५:१-१४, मत्तय ५:१३

मंडळीत उपकारस्तुतीची वेळ आली की आपण कशाकशाबद्दल आभार मानतो, ते जरा आठवून पाहू या. मुलाला नोकरी लागली, मुलीचे लग्न ठरले, शस्त्रक्रिया सुखरूप पार पडली, नव्या घराचा पाया घातला गेला. हे सर्व योग्यच आहे. पण कोणी उभे राहून मिठाबद्दल देवाचे आभार मानल्याचे आम्ही ऐकलेले नाही. कोणी मानलेच तर मागच्या बाकावरची मुले हसतील, आणि कदाचित मोठी माणसेही. कापणीच्या सणाला तांदूळ, ज्वारी, नारळ, केळीचे घड, भोपळे येतात. मिठाची पुडी येत नाही. वास्तविक त्या सणानंतरच्या प्रीतिभोजनात मीठ नसते, तर सर्वांच्या लक्षात सर्वांत आधी तेच आले असते!

आपल्या भाषेला मात्र मिठाची किंमत पुरती ठाऊक आहे. उपकार स्मरणाऱ्या माणसाला आपण 'खाल्ल्या मिठाला जागणारा' म्हणतो. भाकरीला जागणारा किंवा भाजीला जागणारा म्हणत नाही. हीच कल्पना पवित्र शास्त्रातही आहे. एज्रा ४:१४ मध्ये यहूद्यांचे विरोधी राजाला पत्र लिहितात. आम्ही राजवाड्याचे मीठ खाल्ले आहे, म्हणून राजाची हानी आम्हांला बघवत नाही, असा त्या मूळ अरामी शब्दांचा रोख आहे. त्यांचा हेतू वाईट होता ही गोष्ट वेगळी. वाक्प्रचार मात्र आपल्याच घरातला वाटतो. लेवीय २:१३ प्रमाणे प्रत्येक अन्नार्पणाबरोबर मीठ असावे लागे. अळणी अन्नाची तक्रार तर ईयोबानेही केली आहे (ईयोब ६:६).

हे मीठ नेहमीच असे स्वस्त नव्हते. ब्रिटिश अमदानीत त्यावर जबर कर होता. बिनकराचे मीठ आत येऊ नये म्हणून सिंधू नदीपासून ओडिशापर्यंत जकातीची एक प्रचंड सीमारेषा आखलेली होती. तिच्या मोठ्या भागावर काटेरी झाडांचे कुंपण वाढवून हजारो शिपाई पहाऱ्यास ठेवले होते. ही रेषा झाशी आणि बऱ्हाणपूर यांच्या बाजूने जात असे. म्हणजे ग्वाल्हेर-इंदूरकडील आपल्या वाचकांपासून फार दूर नव्हे. १८७९ साली ती मोडली, पण कर राहिला. १९३० च्या एप्रिलात दांडीच्या किनाऱ्यावर गांधीजींनी मूठभर मीठ उचलले ते याच कराविरुद्ध. हा कर अखेर १९४७ साली गेला. आज मिठाची पिशवी घेताना आपण किंमतही विचारत नाही, आणि ज्याची किंमत विचारावी लागत नाही त्याची किंमत मनातूनही जाते.

आता अलीशाच्या दोन गोष्टींकडे वळू. पहिली यरीहोची. नगर रमणीय होते, पण पाणी वाईट, त्यामुळे जमीन नापीक. अलीशाने काय मागितले? एक कोरे पात्र आणि त्यात मीठ. झऱ्याच्या उगमाशी जाऊन त्याने ते टाकले आणि परमेश्वराने ते पाणी निर्दोष केले. हे काम मिठाच्या गुणाने नव्हे, देवाच्या वचनाने झाले, हे मुलांना अवश्य सांगावे. पण देवाने खूण म्हणून जे निवडले ते प्रत्येक घराच्या चुलीपाशी असणारे होते, हेही सांगावे.

दुसरी गोष्ट नामानाची. ही आपण नेहमी कुष्ठ बरे झाल्याची गोष्ट म्हणून शिकवतो. आमच्या मते तिचे मर्म नामानाच्या रागात आहे. एवढा मोठा सेनापती रथ-घोडे, सोने-रुपे घेऊन दाराशी आला, आणि संदेष्ट्याने बाहेरही न येता निरोप धाडला, की जा, यार्देनेत सात वेळा स्नान कर. नामान संतापला. दिमिष्कातील नद्या काय वाईट होत्या? उपाय अवघड असता तर त्याने आनंदाने केला असता. तो सोपा होता, म्हणूनच नाकारण्याजोगा वाटला. बरा न होताच तो परत निघाला होता. शेवटी त्याच्या चाकरांनी त्याची समजूत घातली. ज्यांना कोणी मोजत नाही अशा माणसांनाच साध्या गोष्टीची किंमत कळली!

नामान आजही आपल्यात आहे. १९७१ साली बांगलादेशच्या लढ्याच्या वेळी लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि बनगाव येथे पटकीची साथ पसरली. डॉ. दिलीप महालनबीस तेथे काम करीत होते. रोगी जमिनीवर दाटीने पडलेले, आणि शिरेतून द्यावयाचे सलाइन संपत आलेले. तेव्हा त्यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून ते पिण्यास देण्याचे ठरवले. पिंपात तयार केलेले हे पाणी नातेवाईक रोग्यांना पेल्या-पेल्याने पाजत. ज्या रोगात शंभरांतील सुमारे तीस दगावत होते, तेथे हे प्रमाण चारांच्याही खाली आले. यामागचे शास्त्र असे, की ग्लुकोजच्या सोबतीने आतडे मीठ शोषून घेते आणि मिठामागून पाणी शरीरात जाते. नुसते पाणी किंवा नुसते मीठ हे काम करू शकत नाही.

पुष्कळ डॉक्टरांचा आधी यावर विश्वास बसला नाही. इतका मोठा रोग आणि इतके साधे औषध? पुढे जगभर या पाण्याने कोट्यवधी मुले वाचली. डॉ. महालनबीस २०२२ साली वारले आणि २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. तरीही मुलाला जुलाब झाले की 'पुडी नको, डॉक्टरसाहेब, बाटली लावा,' असा हट्ट धरणारे आईबाप आजही आहेत. त्यांच्या मायेला आम्ही दोष देत नाही. पण सोप्या गोष्टीला कमी लेखण्याची सवय कधी कधी जिवाशी येते, हे यावरून दिसते.

याच चिमटीत आणखी एक देणे दडले आहे. माणसाला जन्मभरात लागणारे आयोडीन चहाच्या एका चमच्यात मावेल, पण ते मिळाले नाही तर गळ्याला गाठ येते आणि गर्भातील बाळाच्या बुद्धीची वाढ खुंटते. १९५६ पासून हिमाचलातील कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मीठ देऊन पाहिले आणि गलगंडाचे प्रमाण स्पष्टपणे घटले. १९६२ साली सरकारने राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. आज मुले शाळेत धडे पाठ करतात, त्यात या मिठाचाही वाटा आहे. अर्थात मीठ चांगले म्हणून मुठीने खाऊ नये. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक चमचा, एवढेच मोठ्या माणसाला पुरे. लोणची-पापडांतले मीठही त्यातच धरावे.

आणि हे येते कोठून? देशातील तीनचतुर्थांशांहून अधिक मीठ गुजरातेत पिकते. वडोदऱ्याच्या वाचकांनी खाराघोडा हे नाव ऐकले असेल. तेथल्या कच्छच्या छोट्या रणात पावसाळा सरला की अगरिया कुटुंबे मुलाबाळांसह मुक्कामाला जातात. विहिरी खणून खारे पाणी उपसतात, वाफ्यांत सोडतात, आणि जड लाकडी दाताळ्यांनी दररोज ते हलवत राहतात. प्यायचे पाणीसुद्धा टँकरने येते. उन्हाच्या लखलखाटाने डोळे जातात, मिठाने पाय कडक होतात. मरणानंतर चितेवर अगरियाचे पाय लवकर जळत नाहीत, असे तेथील लोक सांगतात. आता बऱ्याच ठिकाणी डिझेलऐवजी सौरपंप आल्याने खर्च थोडा हलका झाला आहे. तरी किलोमागे त्यांच्या हाती काही पैसेच पडतात.

गोव्याच्या वाचकांना मिठागर दाखवायला नको. भरतीचे पाणी बांधातून आत घेऊन उन्हात आटवण्याची ती जुनी विद्या आहे. एके काळी हेच मीठ बैलांच्या पाठीवरून घाट चढून बेळगावकडे जात असे. आज यांतील कित्येक आगरे पडीक आहेत.

जेवणापूर्वी आपण प्रार्थना करतो. पुष्कळदा ती इतकी घाईची असते, की शेवटच्या 'आमेन'बरोबर हात ताटात असतो. त्या प्रार्थनेत कधीतरी रणातल्या त्या कुटुंबाचे नाव यावे, असे आम्हांला वाटते. ज्यांचे मीठ आपण खाल्ले ते राजवाड्यात नाहीत, झोपडीत आहेत. त्यांची ओळखच नसेल, तर त्यांच्या मिठाला जागायचे कसे?

शिक्षकांसाठी : वर्गात वाटीभर मीठ ठेवावे. प्रत्येक मुलाने चार दाणे जिभेवर ठेवून, हे आपल्यापर्यंत कोणाकोणाच्या हातांतून आले ते सांगावे. रणापासून वाण्याच्या दुकानापर्यंत जितकी नावे निघतील तितकी फळ्यावर लिहावी. लहान वर्गाला यरीहोची गोष्ट पुरे. मोठ्या वर्गाला नामानाची सांगून विचारावे : कोणता उपाय सोपा आहे म्हणून आपण टाळतो? उत्तरे वर्गातच राहू द्यावी, घरच्यांना कळवू नयेत.

मोठ्या मुलांकडून घरगुती मीठ-साखरेचे पाणी करून घ्यावे. उकळून गार केलेले एक लिटर पाणी, त्यात सहा सपाट लहान चमचे साखर व अर्धा सपाट लहान चमचा मीठ. चमचा शिगोशीग भरू नये. मीठ जास्त झाले तर अपाय होतो. चव अश्रूंपेक्षा खारट लागली, तर ते टाकून पुन्हा करावे. जुलाब सुरू होताच हे घोट-घोट पाजावे. दुकानात पुडी मिळत असेल, तर तीच अधिक बरी. बाळ सुस्त पडले, डोळे खोल गेले किंवा शौचात रक्त दिसले, तर घरी वाट न पाहता दवाखाना गाठावा.

जाताना मुलांना एक काम द्यावे. ओलाव्याने, उन्हाने आणि उष्णतेने मिठातले आयोडीन कमी होते. घरची बरणी चुलीपासून दूर आहे का, आणि तिला घट्ट झाकण आहे का, हे पाहून पुढच्या रविवारी सांगावे.