शब्दांतला राक्षस मातीत उतरवताना

भयकथा वाचताना राक्षस आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो. पण "तो नेमका दिसतो कसा?" असं शेजाऱ्याने विचारलं, की आपली गाडी अडते. डोकं केवढं, हात किती, हात डोक्यातून निघतात की धडातून, यातलं काहीच आपण ठरवलेलं नसतं. लेखकाने तीन-चार विशेषणं दिलेली असतात आणि उरलेलं काम आपल्या भीतीने केलेलं असतं. म्हणून मला वाटतं, की कथा किती नीट वाचली हे तपासायचं असेल तर तिच्यातला राक्षस हाताने घडवून पाहावा. मातीला विशेषणं चालत नाहीत, तिला माप लागतं.

आपल्या मंडळातल्या काही जणांनी विचारलं म्हणून हा धडा लिहिते आहे. वळवळणाऱ्या भुजांचा एक राक्षस, साधारण 12 सेंटिमीटर उंचीचा, पॉलिमर क्लेमध्ये कसा करायचा ते यात आहे. आधी शिल्पकला शिकलेली असण्याची गरज नाही. चकली, कडबोळी वळता येत असतील तर निम्मं काम येतंच.

असा राक्षस आला कुठून?

या जातीचा सगळ्यात प्रसिद्ध राक्षस अमेरिकन लेखक एच. पी. लव्हक्राफ्ट याचा. 'द कॉल ऑफ कथुल्हू' ही कथा त्याने 1926 मध्ये लिहिली आणि 1928 मध्ये ती 'वीअर्ड टेल्स' या मासिकात आली. ऑक्टोपस, ड्रॅगन आणि माणूस यांची सरमिसळ असं त्या प्राण्याचं रूप आहे. आपल्या विषयाला लागू पडणारी गोष्ट अशी, की कथेत हा राक्षस वाचकाला प्रथम भेटतो तो मातीतच. एका तरुण शिल्पकाराला स्वप्न पडतं आणि तो ते मातीच्या उठावचित्रात घडवतो. स्वतः लव्हक्राफ्टने 1934 मध्ये त्याचं एक छोटं रेखाटनही केलं होतं.

मराठीत भयकथेचं नाव घेतलं की नारायण धारप (1925–2008) आठवतात. लव्हक्राफ्ट आणि स्टीफन किंग यांचा प्रभाव त्यांच्या लेखनावर दिसतो, पण वाडे, माजघरं, गावं आणि माणसं मात्र आपलीच आहेत. 2018 च्या 'तुंबाड' या चित्रपटामागे धारपांच्या 'आजी' या कथेची प्रेरणा आहे. धारप बऱ्याचदा राक्षस पूर्ण दाखवत नाहीत. एक वास, एक ओली खूण, दाराबाहेरचा एखादा आवाज, बस्स. इथे शिल्प करणाऱ्याची पंचाईत होते. लेखकाने मुद्दाम झाकलेलं आपण उघडं केलं, तर भीती उरेल का?

या प्रश्नासाठी आपल्याला हैदराबादबाहेर जायला नको. सालारजंग म्युझियममध्ये जाऊन दोन शिल्पं पाहा. एक 'व्हेल्ड रिबेका', इटालियन शिल्पकार बेंझोनीची, 1876 मध्ये पहिल्या सालारजंगांनी रोममधून आणलेली. बायबलमधली रिबेका इसहाकाला भेटण्यापूर्वी चेहऱ्यावर ओढणी घेते, तो क्षण संगमरवरात आहे. ओढणीही दगडाची, चेहराही दगडाचा, तरी आतला चेहरा दिसल्यासारखा वाटतो. दुसरं शिल्प लाकडाचं, मेफिस्टोफिलिस आणि मार्गारेटा. समोरून ताठ उभा सैतान आणि मागच्या बाजूला मान खाली घातलेली मुलगी, एकाच ओंडक्यात. मागे आरसा असल्यामुळे दोन्ही एकदम दिसतात. पहिल्यातून शिकायचं ते हे, की झाकलेला भागही घडवावा लागतो. दुसऱ्यातून हे, की आकृतीला पाठ असते. नवशिक्यांचे राक्षस समोरून बरे दिसतात आणि मागून कणकेचा गोळा असतात.

करावा की करू नये?

आपल्या वर्गातल्या एका मैत्रिणीने मला सरळ विचारलं, "असलं भेसूर काहीतरी घडवणं बरं का? आणि मूर्ती करणं तर आपल्यात वर्ज्यच ना?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ती श्रद्धेने विचारत होती, तेव्हा उत्तरही तसंच द्यायला हवं.

निर्गम पुस्तकाच्या 20 व्या अध्यायातली आज्ञा कोरीव मूर्ती करून तिच्या पाया पडण्याबद्दल आहे. त्याच पुस्तकाच्या 31 व्या अध्यायात बसालेल नावाच्या कारागिराला देवानेच सोनं, रुपं, दगड आणि लाकूड घडवण्याचं कौशल्य दिल्याचं सांगितलं आहे. म्हणजे घडवणारा हात मुळात संशयित नाही, त्या वस्तूपुढे आपण काय करतो हा प्रश्न आहे. राहिला भेसूरपणा. ईयोबाच्या 41 व्या अध्यायात लिव्याथान या समुद्री प्राण्याचं वर्णन आहे, खवले, दात, डोळे, श्वास, एकेक अवयव घेऊन, अगदी शिल्पकाराला द्यावं तसं. आणि 104 व्या स्तोत्रात तोच लिव्याथान समुद्रात खेळण्यासाठी निर्माण केलेला म्हणून येतो. भीतिदायक प्राणीही कुणाची तरी निर्मिती आहे, ही जाणीव तिथे आहे.

मराठीचीही यात अडचण आहे. 'मूर्ती' म्हटलं की पूजा आली, 'पुतळा' म्हटला की चौक आला. म्हणून मी 'आकृती' म्हणते. मैत्रिणीचं पूर्ण समाधान झालं असं नाही. ती म्हणाली, "मी करणार नाही, पण बघायला येईन." तेही ठीकच आहे.

ही माती म्हणजे काय?

पॉलिमर क्ले ही जमिनीतली माती नव्हेच. पीव्हीसी प्लॅस्टिकचे बारीक कण, त्यांना मऊ ठेवणारं तेलकट द्रव्य आणि रंग यांचं ते मिश्रण आहे. शाडूसारखी ती वाळून कडक होत नाही. ठरावीक उष्णता मिळाली की कण एकमेकांत मिसळून एकसंध होतात. जर्मनीतल्या बाहुल्या बनवणाऱ्या क्रूझे घराण्यातल्या मुलीने असं मिश्रण तयार केलं होतं, तेच पुढे 1960 च्या दशकात 'फिमो' नावाने बाजारात आलं. अमेरिकेतली 'स्कल्पी' दुसरी. आपल्याकडे या दोन्ही ऑनलाइन किंवा मोठ्या आर्ट मटेरियलच्या दुकानात मिळतात. नेहमीचं पाकीट साधारण 57 ग्रॅमचं असतं. आपल्या आकृतीला दोन ते चार पाकिटं लागतील.

सांगाडा

खैरताबादच्या गणपतीची सुरुवात 1954 मध्ये एका फुटाच्या मूर्तीने झाली आणि आज तो साठ-सत्तर फुटांवर गेला आहे. 2022 मध्ये 50 फुटांची मूर्ती प्लॅस्टरऐवजी मातीची केली होती. एवढी माती स्वतःच्या बळावर उभी राहत नाही, आत सांगाडा असतो. धूळपेटेतल्या कारखान्यांत सणाच्या आधीच्या महिन्यांत चक्कर मारली तर हे काम उघड्यावर बघायला मिळतं. आपली आकृती वीतभर असली तरी नियम तोच.

दीड-दोन मिलिमीटर जाडीची अल्युमिनियमची तार घ्या. आठ भुजांसाठी आठ तुकडे एका टोकाला पिळून एकत्र करा. डोक्यासाठी स्वयंपाकघरातली फॉइल घट्ट चुरगाळून लिंबाएवढा गोळा करा आणि पिळलेल्या टोकावर बसवा. फॉइलमुळे क्ले वाचते आणि आकृती आतपर्यंत सारखी भाजली जाते. गुळगुळीत तारेवरून क्ले घसरते, म्हणून तारेवर फेविकॉलचा पातळ हात देऊन वाळू द्या. शेवटी टेबलावर ठेवून पाहा. निदान तीन भुजा जमिनीला टेकल्या पाहिजेत. आत्ता डुगडुगत असेल तर पुढे पडणारच.

भुजा

ऑक्टोपसच्या भुजेत हाड नसतं, सगळा स्नायूच. आपली जीभ किंवा हत्तीची सोंड यांचंही असंच. अशा अवयवाचं आकारमान बदलत नाही, त्यामुळे तो लांबला की बारीक होतो आणि आखडला की जाड. एवढं एक सूत्र पाळलं तरी भुजा जिवंत दिसतात. पुढे झेपावणारी भुजा बारीक ठेवा, गुंडाळलेली जाड ठेवा. आठही एकाच जाडीच्या, एकाच वळणाच्या केल्या तर राक्षस झुंबरासारखा दिसेल.

आता भेद. ऑक्टोपसला आठ भुजा. कोकणात ज्याला माकूल म्हणतात त्याला आठ भुजा आणि शिवाय दोन लांब स्पर्शक, ज्यांची टोकं पसरट असतात. तुमच्या राक्षसाला यातलं काय द्यायचं ते आधी ठरवा. काल्पनिक प्राणी असला तरी त्याची शरीररचना गोंधळलेली नको.

क्ले आधी पाच-दहा मिनिटं मळा. न मळलेली क्ले भाजल्यावर तडकते. हैदराबादच्या एप्रिल-मेमध्ये मात्र ती उलट लिबलिबीत होते. तेव्हा दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा, किंवा साध्या कागदात दाबून ठेवा, म्हणजे जादा तेल कागद शोषून घेईल. मग कडबोळ्यासारखी वळी करा, एक टोक निमुळतं, आणि तारेभोवती बसवा. क्लेचा थर पाच-सहा मिलिमीटर पुरे.

चिकटणाऱ्या वाट्या, म्हणजे चूषक, भुजेच्या आतल्या बाजूला दोन ओळींत. मुळाशी मोठ्या, टोकाकडे मोहरीएवढ्या. बारीक गोळ्या लावून विणकामाच्या सुईच्या बोथट टोकाने मधोमध दाबा. आठही भुजांना पूर्ण वाट्या लावत बसू नका. ज्यांची आतली बाजू दिसणार आहे त्यांनाच लावा. कातडीसाठी जुन्या टूथब्रशने हलके ठोकत जा. बोटांचे ठसे आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसले जातात. कच्ची आकृती प्लॅस्टिकच्या डब्यात नको, काही प्लॅस्टिकं तिच्यातल्या द्रव्याने विरघळतात. काचेवर किंवा गुळगुळीत टाइलवर ठेवा.

भाजणं

इथे घाई आणि अंदाज दोन्ही महाग पडतात. पाकिटावर तापमान छापलेलं असतं, साधारण 110 ते 130 अंश सेल्सिअस. वेळ ब्रँडनुसार पंधरा मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत. ओव्हनच्या बटणावरचा आकडा खरा असेलच असं नाही, म्हणून आत ठेवायचा थर्मामीटर घ्या. मायक्रोवेव्ह चालत नाही, आपल्याकडचा ओटीजी चालतो. आकृती टाइलवर ठेवून वरून फॉइलचा सैल तंबू करा. अधांतरी भुजांखाली फॉइलचे बोळे द्या, कारण पक्की होण्याआधी क्ले गरम होऊन सैल पडते.

खिडकी उघडी ठेवा. तापमान फार वाढलं तर क्ले करपते आणि पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड हा घातक वायू सुटतो. धूर दिसला की ओव्हन बंद, खिडक्या उघड्या आणि आपण खोलीबाहेर. हॉस्टेलवर राहणाऱ्यांनी खोलीत चोरून हा प्रयोग करू नये. त्यांच्यासाठी रेझिन आणि हार्डनर असे दोन भाग मिसळून आपोआप कडक होणारी क्ले आहे. फेव्हिक्रिलची 'मोल्डइट' त्यातलीच. तिला भट्टी लागत नाही, फक्त हातमोजे घाला आणि थोडी थोडीच कालवा.

भाजलेली आकृती ओव्हनमध्येच थंड होऊ द्या. गरम असताना ती मऊ वाटते, तेवढ्यावरून कच्ची समजू नका.

रंग

ॲक्रिलिक रंग वापरा. आधी सगळीकडे गडद हिरवा किंवा जांभळा. मग काळा रंग पाण्यात पातळ करून लावा आणि लगेच कापडाने पुसा, म्हणजे खाचांत काळोख राहील. शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर फिकट रंग. चमकदार व्हार्निश फक्त डोळ्यांना आणि वाट्यांना, ते ओले दिसतात. व्हार्निश पाण्यात मिसळणारंच घ्या. काही स्प्रेमुळे पृष्ठभाग कायमचा चिकट राहतो.

आता गृहपाठ

धारपांची कुठलीही एक कथा घ्या. राक्षसाबद्दल लेखकाने प्रत्यक्ष सांगितलेले शब्द एका रकान्यात लिहा आणि तुमच्या मनाने घातलेले दुसऱ्यात. दुसरा रकाना लांब निघेल. त्यातलं काय घडवायचं आणि काय भुजांच्या विळख्यात झाकून ठेवायचं, याची खूण करा. मगच तार कापा.

आकृती झाल्यावर ती कथा न वाचलेल्या कुणालातरी दाखवा आणि विचारा, "हा काय करणार आहे असं वाटतं?" तिच्या उत्तरात कथेतली एखादी गोष्ट आली, तर वाचन जमलं. नाही आली, तर पुन्हा कथेकडे जा. क्ले उरलेली असेलच.