औषध नाही, लस नाही, तरी डॉक्टर हवाच

बारावीनंतर पशुवैद्यकीय शाखेचा विषय निघाला की पालक एक यादी मनाशी धरूनच बोलतात: गाई-म्हशी, कुत्री-मांजरी, फार तर कोंबड्या. डुकरांचं नाव काढलं की आईच्या कपाळाला आठी पडते आणि वडील म्हणतात, ‘ते नको, दुसरं काही सांगा.’ आपल्याकडे डुक्कर म्हणजे गटाराकाठी फिरणारं जनावर आणि ते पाळणारी माणसं म्हणजे गावाबाहेरची, ही समजूत फार खोल रुजली आहे. नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ ज्यांनी पाहिला, त्यांना वेगळं सांगायला नको. पण बंदिस्त शेडमध्ये, तोलून-मापून खाद्य देऊन शेकड्यांनी डुकरं वाढवणं हा जगभरातला मोठा उद्योग आहे. आणि या उद्योगाला सध्या एका रोगाने पुरतं जेरीस आणलं आहे.

त्या रोगाचं नाव आफ्रिकन स्वाइन फीवर. २००९ मध्ये पुण्याला हादरवून सोडणारा स्वाइन फ्लू तो हा नव्हे; हा रोग माणसाला होत नाही, फक्त डुकरांना आणि रानडुकरांना होतो. १९२१ मध्ये केनियातून त्याचं पहिलं वर्णन प्रसिद्ध झालं. २००७ मध्ये तो जॉर्जियात शिरला, ऑगस्ट २०१८ मध्ये चीनमध्ये आणि २०२० मध्ये आसाम व अरुणाचल प्रदेशात. पुढच्या वर्षी मिझोराम, जुलै २०२२ मध्ये थेट केरळमधलं वायनाड. जनावराला सडकून ताप येतो, ते खाणं सोडतं, कान आणि पोट लाल-जांभळं पडतं आणि बहुधा आठवडा-दोन आठवड्यांत ते मरतं. तीव्र लागण झालेल्या कळपात जवळजवळ काहीच उरत नाही. उपचार नाही. व्हिएतनामने २०२२ पासून लशींना परवानगी दिली, पण आपल्याकडे वापरात लस नाही. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे ९० लाख डुकरं होती आणि त्यातली २१ लाख एकट्या आसामात. म्हणजे रोगाने नेमकं वर्मावरच बोट ठेवलं.

मग जिथे इंजेक्शनच नाही, तिथे डॉक्टर करणार काय? रोगाला दाराबाहेर ठेवणं, हेच त्याचं काम. याला जैवसुरक्षा म्हणतात. शब्द भारदस्त आहे. काम बूट, बादली आणि ब्रश यांचं आहे.

फाटकावरचं काम

नीट चालवलेल्या फार्मच्या दारात एक बाक आडवा टाकलेला असतो. बाहेरच्या बाजूने येऊन त्यावर बसायचं, बूट काढायचे, मोजे घातलेले पाय जमिनीला न टेकवता उचलून बाकावरून पलीकडे न्यायचे आणि तिथे ठेवलेले फार्मचेच गमबूट चढवायचे. बाहेरचा बूट आत नाही, आतला बूट बाहेर नाही. ही पद्धत डेन्मार्कची. खर्च एका बाकाचा आणि चार जोड बुटांचा. तरीही ती मोडते, कारण मालक स्वतः घाईत असतो आणि मालकाला टोकायचं कोणी?

त्या बाकाच्या अलीकडे-पलीकडे अशाच बारीकसारीक गोष्टींची लांबच लांब साखळी आहे. पायबुडवणीचा ट्रे बहुतेक ठिकाणी असतो, पण त्यात आठवड्यापूर्वीचं काळं पाणी असतं. विष्ठेने माखलेला बूट जंतुनाशकात नुसता बुडवून काहीही साधत नाही. आधी तो ब्रशने घासून धुवायला हवा, तेव्हा कुठे औषध त्या जागेपर्यंत पोचतं. व्यापाऱ्याचा टेम्पो दिवसातून चार फार्म फिरतो, म्हणून डुकरं चढवायचा धक्का कुंपणापाशीच हवा आणि ड्रायव्हरने खाली उतरता कामा नये. नवं जनावर आणलं की ते महिनाभर वेगळं ठेवायचं. कामगाराच्या डब्यात डुकराचं मांस नको, कारण हा विषाणू गोठवलेल्या आणि खारवलेल्या मांसात महिनोन्महिने तग धरतो. एका शेडमधली सगळी डुकरं एकदमच बाहेर काढायची, शेड धुऊन-सुकवून रिकामं ठेवायचं आणि मगच पुढची तुकडी आत घ्यायची.

सगळ्यांत मोठी डोकेदुखी म्हणजे हॉटेलांचं आणि वसतिगृहांचं खरकटं. शहरांभोवतीच्या अनेक डुक्करपालकांचा धंदा त्यावरच उभा आहे, कारण तयार खाद्य परवडत नाही. त्या खरकट्यात डुकराच्या मांसाचा एक तुकडा गेला तरी पुरे. ते किमान ९० अंश सेल्सिअसला तासभर, सतत ढवळत शिजवावं असा आंतरराष्ट्रीय निकष आहे. आता लाकूडफाट्याचा किंवा गॅसचा खर्च धरून हे त्या माणसाला पटवून दाखवा! २००१ मध्ये ब्रिटनमध्ये लाळ-खुरकूतची प्रचंड साथ आली. तिचा माग उत्तर इंग्लंडमधल्या, नीट न शिजवलेलं खरकटं घालणाऱ्या एका डुक्करपालन केंद्रापर्यंत लागला. ती आटोक्यात आणायला साठ लाखांहून अधिक जनावरं मारावी लागली आणि तिथे खरकटं घालण्यावरच बंदी आली. आपल्याकडच्या डॉक्टरला बंदीची भाषा करून भागत नाही. त्याला कढईचा आकार, जळणाचा हिशेब आणि मरतुकीचा हिशेब शेजारी शेजारी मांडता यायला हवा.

साथ आलीच तर

खरी कसोटी इथे लागते. दोन-तीन जनावरं मेली की मालक घाबरतो आणि उरलेली रातोरात, मिळेल त्या भावाला विकून टाकतो. साथ पसरते ती बहुतेकदा अशीच. त्यामुळे डॉक्टरचं पहिलं काम नमुना घेण्याचं नसून तो टेम्पो थांबवण्याचं असतं. मेलेलं जनावर उघड्यावर फाडायचं नाही, कारण रक्ताचा प्रत्येक थेंब विषाणूने भरलेला असतो. रक्त, प्लीहा, लसिका ग्रंथी यांचे नमुने तिहेरी वेष्टनात, बर्फात भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडे जातात. क्लासिकल स्वाइन फीवर नावाचा दुसरा रोग दिसायला हुबेहूब असतो. त्याच्यावर लस आहे. पण दोघांतला फरक डोळ्यांनी कळत नाही, प्रयोगशाळाच सांगते.

निदान पक्कं झालं की राष्ट्रीय आराखड्याप्रमाणे एक किलोमीटरचा बाधित टापू आणि दहा किलोमीटरचा निगराणीचा टापू आखला जातो. बाधित टापूतली सगळी डुकरं मारून, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायची. सगळी म्हणजे काल सकाळी धडधाकट असलेलीसुद्धा. ईशान्येत घरामागची दोन-चार डुकरं म्हणजे मुलांची फी आणि अडीअडचणीचा दवाखाना असतो. त्या अंगणात उभं राहून हे सांगणं तेवीस-चोवीस वर्षांच्या मुला-मुलीला जड जाणारच. २०२० मध्ये केंद्राने परवानगी दिली असतानाही आसाम सरकारने लगेच सरसकट कत्तल सुरू केली नाही. लोकांची उपजीविका समोर होती. त्या वेळी ब्रह्मपुत्रेतून मेलेली डुकरं वाहत येत होती आणि काझीरंगातल्या रानडुकरांनी बाहेर जाऊन रोग आणू नये म्हणून वनखात्याने आगरातोली भागात चर खणला. पशुवैद्यकाच्या कामात जेसीबी, वनखातं, तहसीलदार आणि मंत्री अशी सगळी मंडळी येतात, ही गोष्ट कॉलेजच्या माहितीपत्रकात छापलेली नसते.

म्हणूनच ‘आमच्या मुलीला प्राणी फार आवडतात’ एवढ्या भांडवलावर ही वाट निवडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. प्राण्यांवर माया हवीच. पण त्याहून जास्त लागतो तो चिवटपणा: तोच नियम तिसऱ्या महिन्यातही तितक्याच काटेकोरपणे पाळणं, रोजची मरतूक आणि खाद्याची उचल वहीत नोंदवणं, आणि आकडा जरा हलला की त्याच दिवशी शंका घेणं. शंका घेण्याचं महत्त्व मलेशियाला १९९८-९९ मध्ये कळलं. डुक्करपालक आजारी पडू लागले तेव्हा तो जपानी मेंदूज्वर समजून डासांवर फवारणी झाली, लसीकरणही झालं. मग च्युआ काव बिंग या विषाणूतज्ज्ञाने नमुन्यात एक वेगळाच विषाणू शोधला, निपा. वटवाघळांकडून तो डुकरांत आला होता. डुकरांच्या शेडजवळच फळझाडांच्या बागा होत्या. मलेशियात १०५ माणसं दगावली आणि दहा लाखांवर डुकरं मारावी लागली. झाडं शेडपासून लांब असावीत, हा नियम आज किरकोळ वाटतो. त्यामागे ही किंमत आहे.

शिक्षण, नोकरी आणि खरा हिशेब

रस्ता सरळ आहे. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र, मग ‘नीट’चे गुण आणि बी. व्ही. एस्सी. अँड ए. एच. ही साडेपाच वर्षांची पदवी, त्यातलं शेवटचं वर्ष आंतरवासितेचं. महाराष्ट्रात नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली मुंबई, नागपूर, परभणी, शिरवळ, उदगीर इथे महाविद्यालयं आहेत. नुसत्या डुकरांची पदवी नसते आणि नसावीही. विशेष अभ्यास पदव्युत्तर पातळीवर करायचा: साथरोगशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, विकृतिशास्त्र किंवा पशुवैद्यकीय सार्वजनिक आरोग्य. बंगळुरूची ‘निवेदी’ ही संस्था साथींच्या आकडेवारीचा अभ्यास करते, गुवाहाटीजवळ राणी इथे राष्ट्रीय वराह संशोधन केंद्र आहे आणि पुण्यात औंधला पश्चिम विभागाची रोगनिदान प्रयोगशाळा आहे. ज्यांना ‘नीट’ जमत नाही त्यांनीही वाट बंद समजू नये. पशुसंवर्धनाच्या पदविकाधारकांना फार्मवर, तर सूक्ष्मजीवशास्त्र आणि संख्याशास्त्राच्या मुलांना प्रयोगशाळांत आणि आकडेवारीच्या कामात जागा आहेत.

आता खरा हिशेब. महाराष्ट्रात मोठे व्यावसायिक डुक्करपालन प्रकल्प थोडे आहेत. फक्त याच एका नोकरीवर डोळा ठेवला तर घर सोडून ईशान्येत, केरळात किंवा पंजाबात जावं लागेल. गोव्यात डुकराच्या मांसाला कायमची मागणी आहे आणि तिथल्या ‘अगोंदा गोवन’ या देशी जातीची राष्ट्रीय नोंदही झाली आहे, पण राज्यच लहान. राष्ट्रीय पशुधन अभियानात वराहपालनाला ५० टक्के, कमाल ३० लाख रुपयांपर्यंत भांडवली अनुदान आहे; त्यामुळे नवे प्रकल्प उभे राहतात आणि त्यांना आराखड्यापासूनच सल्लागार लागतो. तरी माझा सल्ला असा: कौशल्य जैवसुरक्षेचं शिका, जनावर कोणतंही असो. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्या नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला आला आणि लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. तेव्हापासून कुक्कुटपालन कंपन्यांना फाटकावरचा बाक, टेम्पोची धुलाई आणि नोंदवही यांचं मोल कळलं आहे. डुकरांवर शिकलेला माणूस तिथे चालतो, दुग्धव्यवसायात चालतो, लस आणि खाद्य कंपन्यांत चालतो. सरकारी वाट हवी असेल तर लोकसेवा आयोगामार्फत पशुधन विकास अधिकारी, गट-अ. २०२५ मध्ये या पदाच्या सुमारे २,८०० जागांची जाहिरात निघाली होती. अर्थात अशी जाहिरात दरवर्षी निघत नाही, वर्षानुवर्षं वाट पाहिलेले उमेदवारही आहेत. तेवढ्या एकाच भरवशावर बसू नका.

पालकांची उरलेली भीती: मुलाला काही होणार नाही ना? आफ्रिकन स्वाइन फीवर माणसाला होत नाही, पण डुकरांकडून माणसाला होणारे दुसरे आजार आहेत. जपानी मेंदूज्वराचा विषाणू डुकरांत वाढतो आणि डासांमार्फत माणसापर्यंत येतो; ब्रुसेलोसिस आणि काही जिवाणूंची लागण थेटही होते. हातमोजे, मुखपट्टी आणि हातावरची जखम झाकणं हा या धंद्यातला रोजचा शिरस्ता आहे आणि तो न पाळणारा डॉक्टर फार्मलाही धोकाच. ‘मुलीला झेपेल का?’ असंही विचारलं जातं. पशुवैद्यकीय वर्गांत मुली कमी नाहीत, आणि नोंदी व शिस्तीच्या या कामात अंगातल्या बळापेक्षा ठामपणा जास्त लागतो. फार्म गावापासून लांब असतो, राहण्याची सोय कशी आहे हे मात्र नोकरी घेण्याआधी स्वतः जाऊन बघा. तो प्रश्न मुलांच्या बाबतीतही विचारायला हवा.

आणि लोक काय म्हणतील? म्हणतील थोडे दिवस. पगाराची पावती आणि दारावरची ‘डॉक्टर’ ही पाटी लागल्यावर पाहुणेच म्हशीचं औषध विचारायला येतात.

निर्णयाआधी मुलांना प्रत्यक्ष काम दाखवावं, हे योग्यच. सुरुवात तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यापासून करा. लसीकरणाच्या शिबिरात दोन दिवस उभं राहिलं तरी अंदाज येतो. डुक्करपालन केंद्र पाहायचं असेल तर आधी फोन करा, गेल्या दोन-तीन दिवसांत दुसऱ्या कुठल्या डुकरांजवळ गेला नव्हता ना हे विचारतील, अंघोळ करून त्यांचे कपडे घालायला लावतील, कदाचित नाहीच म्हणतील. रागावू नका, तिथे शिकण्यासारखं काही आहे. जिथे ‘या, या, बघून जा’ म्हणत रस्त्यावरच्या चपलांनिशी तुम्हाला थेट शेडमध्ये नेतात, त्या फार्मवर मुलाला नोकरीला पाठवू नका.